वेठ, श्रमदान, मानधन : लोकसेवेच्या सरकारी भाषेचे एक वाचन

दुसऱ्यासाठी पैसे न घेता केलेल्या कामाला मराठीत एक शब्द नाही, पुष्कळ आहेत. अडलेल्या शेतकऱ्याच्या रानात गावातल्या इतरांनी आपापली औते घेऊन जायचे, एका दिवसात काम उरकून द्यायचे आणि त्याने सगळ्यांना जेवू घालायचे, ती इर्जिक. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या रानात, ती सावड. एकेक बैल असलेल्या दोघांनी मिळून औत चालवायचे, तो वारंगुळा. देवाच्या दारी किंवा वारीच्या वाटेवर जे करायचे ती सेवा. आणि इच्छा असो वा नसो, करावेच लागते ती वेठ. हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. इर्जिकीला कोणी वेठ म्हणाले तर भांडण होईल आणि वेठीला कोणी सेवा म्हणाले तर ती थट्टा ठरेल.

या कुटुंबातला सर्वांत धाकटा शब्द म्हणजे श्रमदान. विनोबांची भूदान चळवळ १९५१ साली पोचमपल्लीला सुरू झाली. ते गाव तेव्हाच्या हैदराबाद राज्यातले आणि आमचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हाही त्याच राज्यातला. भूदान, संपत्तिदान, श्रमदान, ग्रामदान हे शब्द एकाच चळवळीच्या काळात लोकांच्या तोंडी रुळले. त्यांतला श्रमदान हा शब्द सरकारने उचलला आणि आजतागायत सोडलेला नाही. त्याच्या जोडीला लोकसहभाग, लोकवाटा, स्वयंसेवक, स्वयंसेविका आणि मानधन हे शब्द आले.

प्रस्तुत लेखात मी या सरकारी शब्दांचे वाचन करणार आहे. योजना आयोग, शिक्षण आयोग, राज्याच्या मोहिमा यांनी लोकांना सेवेला बोलावले तेव्हा कोणती भाषा वापरली आणि त्या भाषेखाली प्रत्यक्षात कोणते नाते दडले होते, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे. उदाहरणे शक्यतो धाराशिव जिल्ह्यातली आणि त्याच्या शेजारची घेतली आहेत. प्रत्येक हाकेला मी तीनच प्रश्न विचारणार आहे. नाही म्हणण्याची सोय आहे का? कष्टाचे फळ कोणाच्या पदरात पडते? आणि हिशेब कोणाच्या हाती आहे? कोणत्याही शेतकऱ्याने सावडीला होकार देण्याआधी मनात हेच प्रश्न विचारलेले असतात.

कसबे तडवळे, १९४१

या जिल्ह्यात फुकटच्या कामाविषयी बोलायचे तर सुरुवात कसबे तडवळ्यापासून केली पाहिजे. फेब्रुवारी १९४१ मध्ये इथे महार-मांग वतनदार परिषद भरली आणि तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. दरवर्षी तडवळ्यात या परिषदेची आठवण जागवली जाते. मात्र लोकसेवेच्या चर्चेत तिचा उल्लेख मी कधी वाचलेला नाही. तो तिथे यायला हवा, असे माझे मत आहे.

वतन म्हणजे तरी काय होते? गावाची आणि सरकारची पडेल ती कामे करायची, वर्दी द्यायची, सारा पोचवायचा, मेलेले जनावर ओढायचे, आणि त्याबदल्यात तुटपुंजी जमीन व बलुते घ्यायचे. कामाचा वेळ ठरलेला नाही, मोबदला ठरलेला नाही आणि नकार देण्याची सोय नाही. एक माणूस आजारी पडला तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात १९२८ सालीच वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले होते. त्यांचा आक्षेप कामाच्या हलकेपणावर होता, तसाच अनिश्चिततेवरही होता. किती काम आणि किती दाम हे ज्या व्यवस्थेत ठरत नाही, तिथे माणूस स्वतःचा मालक राहत नाही.

पुढे संविधानाच्या अनुच्छेद २३ ने बिगार आणि सक्तीचे श्रम यांना बंदी घातली. त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या भागात राज्याला सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लादण्याची मुभा आहे. मात्र तसे करताना धर्म, वंश, जात वा वर्ग यांवरून भेद करता येणार नाही. संविधानकर्त्यांनी हे दोन भाग एकाच अनुच्छेदात ठेवले, याचा अर्थ वेठ आणि सार्वजनिक सेवा यांच्यातली सीमारेषा किती बारीक आहे हे त्यांना नीट ठाऊक होते. १९८२ साली आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे हेही सक्तीचेच श्रम, असे न्यायालयाने म्हटले. भूक हीदेखील सक्तीच असते, हा त्या निकालाचा गाभा.

म्हणून या जिल्ह्यात कोणी सरकारी अधिकारी हातात फावडे घेऊन श्रमदानाची हाक देतो, तेव्हा त्या हाकेच्या मागे तडवळ्याची ही पार्श्वभूमी असते. ज्यांच्या आज्यापणज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबून गाव चालवले, त्यांच्या नातवंडांना श्रमाचे दान हा शब्द वेगळा ऐकू येतो. दान द्यायला आधी ती वस्तू आपल्या मालकीची असावी लागते.

योजना आयोगाचे स्वयंसेवक

स्वतंत्र भारतात लोकांच्या स्वयंसेवेचा विचार पहिल्यांदा पद्धतशीर केला तो योजना आयोगाने. पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या अहवालात राष्ट्रीय विकासातील लोकसहकार्य या विषयावर स्वतंत्र प्रकरण आहे. सरकारी पैसा थोडा, कामे अफाट, तेव्हा लोकांचे श्रम, वेळ आणि उत्साह हीच मोठी शिल्लक आहे, अशी त्यातली मांडणी. याच विचारातून १९५२ साली भारत सेवक समाजाची स्थापना झाली. पंडित नेहरू त्याचे अध्यक्ष होते आणि गुलझारीलाल नंदा प्रमुख चालक. पुढच्या वर्षी दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ आले. स्वयंसेवी संस्थांना मदत देण्यासाठी योजनेत ४ कोटी रुपयांची तरतूद होती. त्याच काळात, २ ऑक्टोबर १९५२ रोजी, देशात ५५ ठिकाणी सामूहिक विकास प्रकल्प सुरू झाले.

अहवालातले ते प्रकरण आज वाचताना त्यातला प्रामाणिकपणा जाणवतो. लिहिणारी माणसे स्वातंत्र्यलढ्यातून आली होती. पगार न घेता तुरुंगात गेलेली पिढी होती ती. मराठवाड्यापुरते बोलायचे तर हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवलेले स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी हेच स्वयंसेवक या शब्दाचे इथले जिवंत अर्थ होते. नकार देण्याची पूर्ण मुभा असताना, किंबहुना नकार देणे सोयीचे असताना, त्यांनी होकार दिला होता. या पिढीला वाटले की तोच होकार आता बांधबंदिस्तीला आणि रस्त्याला मिळेल.

पण लढ्यातला स्वयंसेवक सत्तेविरुद्ध उभा होता आणि योजनेतला स्वयंसेवक सत्तेच्या बाजूने, तिच्या आराखड्याप्रमाणे काम करणार होता. सामूहिक विकास प्रकल्पांत लोकांच्या श्रमाची किंमत रुपयांत मांडून ती लोकवाटा म्हणून कागदावर दाखवली जाई. काम काय करायचे, कुठे करायचे, हे मात्र गटविकास अधिकाऱ्याच्या कचेरीत ठरे. बलवंतराय मेहता समितीने १९५७ च्या अहवालात याच दुखण्यावर बोट ठेवले. लोकांचा पुढाकार या कार्यक्रमाला मिळाला नाही, कारण निर्णयाचा अधिकार लोकांच्या हाती नव्हता. समितीने सुचवलेला उपाय होता अधिकार देण्याचा. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या त्या या वाटेने. भारत सेवक समाजाच्या कारभाराची तर पुढे चौकशी आयोग नेमून तपासणी करावी लागली. आराखडा आणि हिशेब लोकांच्या हातात नसेल तर उत्साहाचे भांडवल फार दिवस पुरत नाही, हा पहिला धडा.

शिक्षण आयोग आणि सात दिवसांचे शिबिर

दुसरा आयोग कोठारींचा. १९६४ ते १९६६ या काळात डॉ. दौ. सिं. कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली काम केलेल्या या शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव होते आपले जे. पी. नाईक. नाईकांनी कोल्हापूर जिल्ह्यात गारगोटीला मौनी विद्यापीठाच्या रूपाने शिक्षण आणि ग्रामविकास यांची सांगड घालून पाहिली होती. समाजसेवा हा शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्याचा भाग असावा, ही शिफारस त्यामुळे हवेतून आलेली नव्हती. शिकलेला वर्ग आणि राबणारा वर्ग यांच्यातली दरी हे आयोगाला देशापुढचे मोठे संकट वाटत होते, आणि शाळा-महाविद्यालयातून ती दरी बुजवायला सुरुवात व्हावी अशी त्याची अपेक्षा होती.

प्रत्यक्षात जे आले ते म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतल्या ४०,००० विद्यार्थ्यांसह ती सुरू झाली. १९६२ च्या युद्धानंतर सक्तीच्या झालेल्या छात्रसेनेला पर्याय हवा होता आणि सक्ती नको होती. म्हणून रासेयो ऐच्छिक ठेवली गेली. दोन वर्षांत २४० तास काम, सात दिवसांचे निवासी शिबिर, कोणार्कच्या रथाचे चाक हे बोधचिन्ह आणि माझ्यासाठी नव्हे तर तुमच्यासाठी अशा अर्थाचे ब्रीद. मराठवाड्यातल्या हजारो मुलामुलींनी घराबाहेरचे पहिले सात दिवस या शिबिरांत काढले आहेत, मीही त्यांतलाच. पंगतीत शेजारी कोण बसले आहे याची जात न विचारता जेवण्याचा अनुभव अनेकांना तिथेच पहिल्यांदा आला. या योजनेचे हे श्रेय तिच्या अहवालांत कधी मोजले जात नाही, आणि माझ्या मते तेच सर्वांत मोठे आहे.

मोजले जाते ते वेगळेच. किती झाडे लावली, किती मीटर रस्ता केला, किती शोषखड्डे खणले. पहिल्या आणि दुसऱ्या प्रश्नावर ही योजना उत्तीर्ण होते. मुलाला नाही म्हणता येते आणि फळ गावाला मिळते. अडचण तिसऱ्या प्रश्नाची आहे. २४० तासांची नोंदवही महाविद्यालयात राहते, प्रमाणपत्र आणि काही विद्यापीठांत सवलतीचे गुण मुलाला मिळतात, पण गावाकडे कोणताच कागद उरत नाही. पुढच्या वर्षी शिबिर दुसऱ्या गावी जाते किंवा त्याच गावी नवी मुले येऊन तोच रस्ता नव्याने करतात. आयोगाला दोन वर्गांत नाते जोडायचे होते, आणि नाते जोडायला एकाच दाराशी पुन्हापुन्हा जावे लागते. तासांची बेरीज करून ते होत नाही.

दुष्काळाने शिकवलेला हक्क

१९७२ च्या दुष्काळाने या सगळ्या चर्चेला वेगळे वळण दिले. रासेयोच्या शिबिरांसाठीही १९७३ साली दुष्काळाविरुद्ध युवक हा विषय ठरला होता. पण दुष्काळ निभावून नेला तो स्वयंसेवेने नाही, मजुरीने. मे १९७३ मध्ये राज्यभर जवळपास ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणे, पाझर तलाव, रस्ते, नाला बांध. आमच्या जिल्ह्यातले कितीतरी पाझर तलाव लोक अजून बहात्तरचा तलाव म्हणूनच ओळखतात. सुकडी आणि मिलो ज्वारी यांची चव ज्यांना आठवते ती माणसे आता सत्तरीच्या आसपास आहेत.

याच अनुभवातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर पसरली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. पैसा उभारण्यासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर. लोकसेवेच्या इतिहासात या कायद्याची दखल सहसा घेतली जात नाही, कारण त्यात पैसे मिळतात. मला मात्र तो त्या इतिहासातला मैलाचा दगड वाटतो. कारण सार्वजनिक कामाला दुष्काळग्रस्ताने श्रम द्यायचे आणि शहराने पैसा द्यायचा, अशी ही राज्यव्यापी सावड होती. १९८३ मध्ये राजस्थानातल्या दुष्काळी कामांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दुष्काळी कामावरही किमान वेतन दिलेच पाहिजे. संकटात सापडलेल्या माणसाचे श्रम स्वस्तात घेण्याचा अधिकार सरकारला नाही.

आता या पार्श्वभूमीवर अलीकडची जलसंधारणाची मोहीम पाहू. पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ साली तीन तालुक्यांत सुरू झाली, २०१७ मध्ये ३० आणि २०१८ मध्ये ७५ तालुक्यांत पोचली. पंचेचाळीस दिवस, भर उन्हाळा, पहाटेपासून डोंगरउतारावर समतल चर खणणारी गावे. १ मे २०१८ ला शहरांतून आलेले जलमित्र. स्पर्धेने गावकऱ्यांना पाणलोटाचे शास्त्र शिकवले, बायकांना सभेत आणि माथ्यावर दोन्हीकडे आणले, पक्षांची भांडणे दीड महिना थांबवली. हे सारे मी नाकारत नाही.

तरीही प्रश्न उरतो. जो समतल चर रोजगार हमीवर खणला तर घनमीटरच्या दराने मजुरी मिळते, तोच चर श्रमदानात फुकट खणायचा. भूमिहीन मजुराच्या दृष्टीने हा एका दिवसाच्या भाकरीचा सवाल आहे. चरातून मुरलेले पाणी पायथ्याच्या विहिरींत आणि बोअरमध्ये येते. ज्याच्या नावावर विहीर नाही त्याने काय मिळवले? त्याला पिण्याचे पाणी जवळ आले आणि कदाचित रब्बीत जास्त दिवस खुरपणीचे काम मिळाले. ज्याच्याकडे दहा एकर बागायत आहे त्याला उसाचे आणखी एक पीक मिळाले. दान दोघांनी सारखे दिले, वाटणी मात्र सातबाऱ्याने केली. काही गावांत पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवण्याचा प्रयत्न झाला, पण तो सगळ्यांनी पाळावा अशी बांधणी श्रमदानाच्या आधी झालेली नसते. सरकारच्या जलयुक्त शिवार अभियानावर ९,६३३ कोटींहून अधिक खर्च होऊनही भूजल वाढवण्यावर त्याचा फारसा परिणाम दिसला नाही, असे महालेखापरीक्षकांच्या २०२० मध्ये विधिमंडळापुढे आलेल्या अहवालाने नोंदवले. अडवलेल्या पाण्याचा उपसा कोणी किती करायचा हे ठरलेले नसेल तर यापेक्षा वेगळे काय होणार?

भूकंप : एक वेगळा धडा

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांना विसरता येत नाही. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे जमीनदोस्त झाली, जवळपास आठ हजार माणसे गेली. मदतीचा पूर आला. पहिल्या महिन्यातली ती सेवा खरी होती. पण तीत एक विसंगती होती. जे जगले होते, ज्यांना आपले गाव, गल्ली आणि माणसे ठाऊक होती, ते मदत घेणारे ठरले आणि बाहेरून आलेला प्रत्येकजण स्वयंसेवक ठरला.

पुनर्वसनाच्या पुढच्या टप्प्यात ही विसंगती काही प्रमाणात दूर झाली. जागतिक बँकेच्या मदतीने राबवलेल्या या कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. त्याशिवाय तेरा जिल्ह्यांत पसरलेल्या गावांतली सुमारे दोन लाख घरे दुरुस्त आणि मजबूत करायची होती. हे काम घरमालकांनी स्वतः करायचे होते, आणि त्यांना माहिती देणारी माणसे हवी होती. सरकारने स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेला लोकसहभागाची सल्लागार म्हणून नेमले. दिवंगत प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखाली संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांतून संवाद सहायक निवडल्या. हजाराहून अधिक गावांत. घराला कोणते अनुदान आहे, हप्ता केव्हा मिळतो, भिंतीच्या कोपऱ्याला काय केले म्हणजे ती टिकते, इंजिनिअर आला नाही तर कोणाकडे जायचे, हे या बायका शिकल्या आणि शिकवू लागल्या.

ही हाक माझ्या तिन्ही प्रश्नांपुढे बरीचशी टिकते. काम स्वतःच्या गावाचे होते, निवड गावातल्या मंडळाने केली होती, आणि मुख्य म्हणजे हिशेब समजून घेणे हेच कामाचे स्वरूप होते. अनुदानाची माहिती ज्या बाईला आहे तिला दुर्लक्षून पुढे जाणे ग्रामसेवकाला अवघड होते. त्या कामातून जुळलेले गट पुढे बचतीकडे, आरोग्याकडे आणि एक एकर शेतीच्या प्रयोगाकडे वळले. २००१ च्या गुजरात भूकंपानंतर याच भागातल्या बायका कच्छमध्ये गेल्या. या वेळी त्या मदत घ्यायला नव्हे, सल्ला द्यायला गेल्या होत्या. सरकारी कार्यक्रमात असे क्वचित घडते, आणि घडले तेव्हा त्याचे कारण अधिकार आणि माहिती यांचे हस्तांतर हे होते.

स्वयंसेविका नावाची नोकरी

आता शेवटचा आणि सर्वांत अवघड शब्द. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या जामखेडला काम सुरू केले आणि गावातल्या, बहुधा निरक्षर, बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवले. पुढे तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने भारतवैद्य या नावाने गावातल्या बायकांना प्रशिक्षण दिले. गावाची बाई गावाचे आरोग्य सांभाळू शकते, ही गोष्ट इथे सिद्ध झाली.

सरकारने ही कल्पना घेतली, आणि घेताना काय केले हे नावांच्या बदलातून वाचता येते. १९७७ च्या केंद्रीय योजनेत या माणसाला सामूहिक आरोग्य कार्यकर्ता म्हटले होते आणि दरमहा ५० रुपये मिळत. दोन-तीन वर्षांत त्याचे नाव आरोग्य स्वयंसेवक झाले आणि १९८१ मध्ये ग्राम आरोग्य मार्गदर्शक. काम तेच, ५० रुपये तेच. कार्यकर्ता या शब्दात कामाचा आणि म्हणून दामाचा दावा आहे. स्वयंसेवक म्हटले की तो दावा विरघळतो. २००५ नंतर राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आशा आल्या, आणि महाराष्ट्रातल्या शासकीय मराठीत त्यांचे नाव पडले आशा स्वयंसेविका. त्यांना पगार नाही, कामागणिक मोबदला आहे. अंगणवाडी सेविकांची गोष्ट आणखी जुनी, १९७५ पासूनची. त्यांना मिळते ते मानधन.

मानधन हा शब्द आपण व्याख्यात्याला, कवीला, पाहुण्या परीक्षकाला देतो. एक दिवसाच्या कामाची ती कृतज्ञ पोचपावती असते. तोच शब्द वर्षाचे बारा महिने, गरोदर बायकांच्या नोंदी, लसीकरण, सर्वेक्षण, क्षयरोग्यांच्या गोळ्या आणि रात्री-अपरात्री बाळंतिणीबरोबर दवाखाना करणाऱ्या बाईसाठी वापरला की त्याचा अर्थ उलटा होतो. इथे मान हा धनाऐवजी दिला जातो. कोविडच्या काळात गावाच्या वेशीवर उभे राहून घरोघर तपासणी याच बायकांनी केली. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाख आशांचा गौरव केला. त्यानंतरही महाराष्ट्रातल्या आशांना २०२३ आणि २०२४ मध्ये संप करावा लागला, तेव्हा राज्याने मोबदल्यात ५,००० रुपयांची वाढ केली. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, हक्क आहे असा निकाल दिला. त्याआधी याच न्यायालयाने एका प्रकरणात त्यांची पदे शासकीय नागरी पदे नाहीत असे म्हटले होते. एक पिढी या दोन निकालांच्या मध्ये निवृत्त झाली.

पहिला प्रश्न इथे पुन्हा विचारून पाहा. आशाताईला नाही म्हणता येते का? कागदावर येते. पण नवऱ्याची कोरडवाहू शेती, मुलांच्या फिया आणि गावात दुसरे काम नसणे या तीन गोष्टी मिळून ते उत्तर खोडून टाकतात. आणि स्वयंसेवक म्हणून ज्यांना सरकारने नेमले आहे त्यांत जवळजवळ सगळ्या बायकाच का, हाही प्रश्न आहेच. घरातले काम बाई फुकट करते, म्हणून गावाचेही तिने जवळपास फुकट करावे, हा हिशेब कोणत्याही शासन निर्णयात लिहिलेला नाही. पण त्याच्या आधारावरच अनेक योजनांचे अंदाजपत्रक जुळते.

गाडगेबाबांचा झाडू

महाराष्ट्रात लोकसेवेचा विषय गाडगेबाबांशिवाय पुरा होत नाही. २००० साली आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि ते खरोखर गाजले. उकिरडे हलले, भिंतींवर सुविचार आले, गावे स्पर्धेला उतरली. पण बाबांच्या पद्धतीतला एक बारकावा अभियानात हरवला. बाबा गावात आले की आधी स्वतः झाडू हाती घेत. कीर्तन रात्री, झाडू दिवसा. ते कोणाला गुण देत नसत. लोकांच्या पैशातून एवढ्या धर्मशाळा उभ्या केल्या, पण त्यांत स्वतःसाठी खोली ठेवली नाही, घरच्यांना कारभारात घेतले नाही. सेवेची हाक देणाऱ्याने आधी स्वतःचा हिशेब उघडा ठेवायचा, हा त्यांचा नियम होता. अभियानात तपासणी समिती गाडीतून येते आणि गावाला गुण देते. समितीच्या कचेरीला गुण कोण देणार?

अलीकडे हाक आणखी सोपी आणि आणखी लांबून येऊ लागली आहे. १ ऑक्टोबर २०२३ रोजी देशभर सकाळी दहा वाजता एक तासाचे श्रमदान झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस मेरा युवा भारत हे व्यासपीठ आले. तिथे तरुणांनी नाव नोंदवायचे आणि सेवेच्या संधी शोधायच्या. यात वाईट काही नाही. पण एका तासाचे छायाचित्र आणि नोंदणीचा आकडा यांना लोकसहभाग म्हणायची सवय लागली की ज्या नगरपालिकेचे सफाई कामगार ठेकेदारीत महिनोन्‌महिने अडकलेले असतात, तिच्याविषयी बोलायचे राहून जाते. आदल्या दिवशी कचरा उचलणारे कोण होते आणि दुसऱ्या दिवशी कोण उचलेल, हा प्रश्न छायाचित्रात मावत नाही.

मग स्वयंसेवा नकोच का?

असा निष्कर्ष कोणी काढू नये. सप्टेंबर २०२५ मध्ये भूम आणि परंडा भागात पुराने जमिनी खरवडून नेल्या, घरे आणि गोठे पाण्यात गेले, तेव्हा आजूबाजूच्या गावांतून भाकरी, चारा आणि धान्य घेऊन माणसे निघाली. त्यांना कोणत्या आयोगाने सांगितले नव्हते. इर्जिकीचा संस्कार अजून शाबूत आहे, हे त्यातून दिसते. सरकारने तो जागवावा, त्याला शिस्त आणि साधने द्यावीत, हे योग्यच आहे. माझा आक्षेप आहे तो हा संस्कार अंदाजपत्रकातली तूट भरायला वापरण्यावर.

उद्या एखाद्या राज्य आयोगाने लोकसेवेचा आराखडा करायला घेतला, तर आमच्या जिल्ह्याच्या अनुभवातून त्याला चार गोष्टी सांगता येतील. जे काम वर्षभर आणि दरवर्षी लागते त्याला नोकरी म्हणावे, पगार द्यावा आणि स्वयंसेविका हा शब्द त्या जागेवरून काढून घ्यावा. खासगी जमिनीला आणि विहिरीला लाभ देणारे श्रमदान सुरू होण्याआधी पाण्याच्या वाटपाचा ठराव ग्रामसभेने करावा, आणि मजुरीवर जगणाऱ्यांसाठी तेच काम रोजगार हमीतून खुले ठेवावे. विद्यार्थ्यांना तासांऐवजी गाव द्यावे, आणि त्या गावाशी महाविद्यालयाचे नाते निदान पाच वर्षे टिकावे. आणि लोकवाट्याचा जो आकडा सरकार मोजते, तो मोजण्याचा आणि नाकारण्याचा अधिकार लोकांकडे असावा.

यातली एकही गोष्ट नवी नाही. पहिली अंगणवाडी सेविकांनी आणि आशांनी रस्त्यावर उतरून सांगितली आहे, दुसरीचा अर्धा भाग पाग्यांच्या कायद्यात आहे, तिसरी कोठारी आयोगाच्या हेतूत आहे आणि चौथी संवाद सहायक बायकांनी करून दाखवली आहे. तडवळ्याच्या परिषदेत जमलेल्या माणसांनी किती काम आणि किती दाम हे ठरवून मागितले होते. ते ठरले की त्यापलीकडे माणूस जे आपखुशीने देतो त्याला दान म्हणायला हरकत नाही; ठरत नाही तोवर त्या कामाला आपल्या भाषेत जुना शब्द आहे आणि तो इथे सगळ्यांना माहीत आहे.